लोरीनचं वय

१९७७ च्या सप्टेंबरात, ओहायोतल्या एका लहान गावात, शाळेची एक बाई व्हर्ना स्टकीच्या दारात येऊन उभी राहिली.

"नवा कायदा आलाय," ती म्हणाली. "मूल अपंग असो, मतिमंद असो, शाळेला आता नाही म्हणता येत नाही. तुमच्याकडे आहे का असं कोणी घरी बसलेलं?"

"आता जाग आली होय तुम्हाला?" व्हर्ना फणकारली. सोळा वर्षांपूर्वी त्याच शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिच्या लोरीनला पायरीवरूनच परत पाठवलं होतं. हिच्या डोक्यात काही शिरायचं नाही, म्हणाले होते. तेव्हापासून पोरगी रोज सकाळी खिडकीतून शाळेच्या पिवळ्या बसला हात करायची.

"वय काय तिचं? एकवीसपर्यंतच घेता येतं हो."

व्हर्नाने नजर वळवली. "वीस."

बाईने कागदावर वीस लिहिलं. तेवढ्यात लोरीन बाहेर आली. सगळं ऐकून तिने कोट घातला होता आणि गळ्यापर्यंत बटणं लावली होती.

"काय गं, येणार ना शाळेत?" बाईने हसून विचारलं.

स्वयंपाकघरात धडा म्हणताना राहायची तशी लोरीन ताठ उभी राहिली. "माझं नाव लोरीन स्टकी. मला नऊ ऑगस्टला बावीस वर्षं पूर्ण झाली."

बाईचं पेन थांबलं. ती हळू आवाजात म्हणाली, "किती स्वच्छ सांगते. कोणी शिकवलं हिला?"

"मीच," व्हर्ना म्हणाली. "चार वर्षं लागली."