चढावर मोजलेलं ऑइल

मी गिअरबॉक्स बोलतोय. आपला आपण गिअर बदलणाऱ्यांपैकी मी. आमच्या गाडीत क्लच नसतो. चालकाने डावा पाय खुशाल लांब करून बसावं, बाकीचं आम्ही बघतो. इंजिनाचं कौतुक सगळे करतात, कारण ते गुरगुरतं. मी नीट चाललो तर मी आहे हेसुद्धा कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि बिघडलो की अख्ख्या गल्लीला कळतं.

आत्ता मी ओब्दुलिओच्या गॅरेजात एका जुन्या टायरवर आडवा पडलोय. अंगातलं ऑइल काढून घेतलंय. एक-दोन दिवसांत भंगारवाला येईल आणि मला वितळवायला नेईल. जे झालं ते मनात ठेवून वितळायची माझी तयारी नाही, म्हणून बोलतोय.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. उजेड पांढराफटक होता आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मग मला एका व्हॅनच्या पोटात बसवलं, जहाजावर चढवलं आणि प्वेर्तो रिकोच्या बंदरात उतरवलं. उतरलो आणि चहूकडून आरडाओरडा, गाणी, शिव्या ऐकू आल्या. मला हायसं वाटलं.

व्हॅन घेतली सेफेरिनोने. डोंगरातल्या हायुया गावचा हा माणूस, सडपातळ, मिशीवाला, हट्टी. हायुया ते पोन्से अशी त्याची वडाप. घाट उतरायचा, शहरात माणसं सोडायची, संध्याकाळी त्याच माणसांना घेऊन घाट चढायचा. कुणाच्या मांडीवर केळ्यांचा घड, कुणाच्या पिशवीत जिवंत कोंबडा. सगळे एकाच वेळी बोलायचे, आणि ऐकण्याचं काम एकट्या सेफेरिनोकडे असायचं. म्हाताऱ्या बायकांना तो थेट दारात सोडायचा. आत दिवा लागेपर्यंत हलायचा नाही. मागचे उतारू कुरकुरले तरी याचा पाय ब्रेकवरच.

त्याची बायको मिग्दालिया पुढच्या सीटवर बसायची. काम असो नसो, ती यायचीच. हातात क्रोशाची सुई आणि तोंडाचा पट्टा सुरू. नवऱ्याला ती कधी नावाने हाक मारायची नाही, म्हाताऱ्या म्हणायची, अगदी त्याचे केस काळे होते तेव्हापासून. व्हॅनवरून तर त्याला रोज टोमणे. गाडीला माझ्यापेक्षा जास्त जपतोस, माझ्याऐवजी हिच्याशीच लग्न लावायचं होतंस, निदान हिला आई तरी नाही. सेफेरिनो मिशीत हसायचा. मी त्या दोघांना घेऊन तो घाट इतक्या वेळा चढलो की कुठल्या वळणावर तिचा टोमणा येणार हे मला ठाऊक झालं होतं.

मग तिच्या किडन्या गेल्या.

पोन्सेला एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. सेफेरिनोने वडाप बंद केली. व्हॅनमध्ये आता दोघंच. जाताना ती बोलायची, येताना मान टाकून झोपायची, आणि येताना तो इतकी हळू गाडी चालवायचा की मला दुसऱ्या गिअरच्या वर जायला मिळायचं नाही. रुग्णांसाठी सरकारी गाडी होती. पण त्या गाडीने ती एकदाच गेली, आणि परत आली ती उन्हात ताटकळून, काळवंडून. त्या दिवशी सेफेरिनोने तिला सांगून टाकलं, यापुढे तुला माझ्याशिवाय कुणी नेणार नाही.

डॉक्टरांनी तिचं पाणी तोडलं होतं. किडन्याच नाहीत म्हटल्यावर प्यायलेलं पाणी जाणार कुठे? अंगातच साठणार. दिवसाला एवढंच, असं भांडं ठरवून दिलेलं. तहानेने तिचा जीव व्याकूळ व्हायचा. बर्फाचा खडा चोखत ती खिडकीबाहेर बघत बसायची. शहाळी विकणारा दिसला की तिचे डोळे तिकडे वळायचे, आणि सेफेरिनो गाडीचा वेग वाढवायचा. नाही म्हणताना त्याचा आवाज कोरडा व्हायचा. शहाळीवाला मागे पडला की त्याचा पाय पुन्हा हलका व्हायचा, ते मला कळायचं.

त्याच सुमारास मीही कुरकुरायला लागलो. रबरी सील कडक झाले होते. माझं लालसर ऑइल थेंबथेंब गळायचं, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना माझ्या अंगाला कंप सुटायचा. ओब्दुलिओने व्हॅनखाली डोकं घातलं आणि खरं ते सांगितलं. याला उतरवून उघडावा लागेल, सील आणि आतल्या चकत्या बदलाव्या लागतील, आठवडाभर गाडी माझ्याकडे सोडा.

"आठवडाभर?" सेफेरिनो म्हणाला. "उस्ताद, मग तिला मी काय पाठीवर घेऊन जाऊ?"

ओब्दुलिओने दुसरी गाडी बघून देतो म्हटलं. पण सेफेरिनोला दुसऱ्याच्या गाडीचा भरवसा नव्हता. घाटात ती बंद पडली तर? त्याने सुट्या भागांच्या दुकानातून बाटली आणली, ऑइलमध्ये घालायचं औषध. ते कडक झालेल्या रबराला मऊ करतं, गळती थांबवतं, कंप घालवतं. बाटलीवरच्या गोष्टी अगदीच थापा नसतात, हे मी स्वतः सांगतो. ते औषध पोटात गेलं आणि मला खरंच बरं वाटलं. गळती थांबली, मी लोण्यासारखा गिअर बदलायला लागलो. सेफेरिनोने स्टिअरिंगवर थाप मारली. मिग्दालिया म्हणाली, "बघ, याला एका बाटलीत गुण आला. माझं मशीनही याच दुकानात मिळतंय का विचार."

तिथे थांबायला हवं होतं. औषधाने थोडी मुदत मिळते. त्या मुदतीत माणसाने दुरुस्ती करून घ्यायची असते. सेफेरिनोला मात्र वाटलं, जे एकदा दिल्याने बरं वाटलं ते रोज दिलं तर कधीच बिघडणार नाही.

रोज सकाळी मिग्दालियाला उठवायच्या आधी तो बॉनेट उघडायचा, ऑइल मोजायची पट्टी काढायचा, फडक्याने पुसायचा, परत बुडवायचा. आता त्याचं घर कसं, तर डोंगराच्या अंगाला चिकटलेलं. गाडी लावायची जागा म्हणजे निव्वळ चढ. व्हॅन तिथे नाक वर करून उभी असायची. माझ्या पोटातलं सगळं ऑइल मागे जाऊन बसायचं, आणि पट्टी तर पुढे. ती अर्धी कोरडी निघायची. खरं तर मला मोजायचं ते गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन चालू ठेवून, मी तापलेलो असताना. पण त्या गावात सपाट जागा म्हणजे चर्चसमोरचा चौक आणि बेसबॉलचं मैदान. सकाळी उठून चौकात बॉनेट उघडायला कोण जातं? गावातले सगळे आपापल्या दारात, चढावरच ऑइल बघतात. कधीतरी बघितलं तर चालून जातं. सेफेरिनो रोज बघायचा.

पट्टी कोरडी दिसली की गळती पुन्हा सुरू झाली असं समजून तो थोडं ऑइल ओतायचा आणि वर औषधाची धार. मी आधीच गळ्यापर्यंत भरलेलो. माझी फिरती चाकं त्या जास्तीच्या ऑइलला घुसळायला लागली, ताक घुसळावं तशी, आणि त्याचा फेस झाला. फेसात जोर नसतो. चकत्या एकमेकींना धरेनात, घसरायला लागल्या. मी धक्के दिले, आवाज काढले, जळका वास सोडला. मला सांगायचं होतं, बाबा रे, बास कर. त्याला ऐकू आलं, आणखी दे. ओब्दुलिओ तेव्हा त्याला दोनदा भेटला, गाडी घेऊन या म्हणाला. सेफेरिनोने दोन्ही वेळा पुढच्या आठवड्यावर ढकललं.

तो दिवस आठवला की आजही मी गार पडतो. उन्हाळा, सुट्टीचा दिवस लागून आल्यामुळे डायलिसिस एक दिवस लांबलेलं. मिग्दालियाचे पाय सुजले होते, श्वास लागत होता. पोन्सेला जाताना आधी एक खिंड चढावी लागते. तिथे मी तापलो, फेस उसळला, पट्टीच्या नळीतून बाहेर आला. इंजिन ओरडत होतं, चाकांपर्यंत काहीच पोहोचत नव्हतं. व्हॅन वळणावर थांबली. सेफेरिनोने हा गिअर टाकून बघितला, तो टाकून बघितला. माझ्यात काही उरलंच नव्हतं.

फोन लागेना. वळणावरच शहाळीवाल्याची टपरी होती. मिग्दालिया बराच वेळ तिकडे बघत राहिली.

"म्हाताऱ्या, एक घोट," ती म्हणाली. "एकच. मी कुणाला सांगणार नाही."

"नको ना गं. मशीनवर गेलीस की मग बर्फ देतो."

"तू गाडीला पाजतोस."

त्याने तिचा हात हातात घेतला, पण शहाळं दिलं नाही. काही वेळाने गावातल्याच एकाची पिकअप आली. सेफेरिनोने तिला उचलून त्यात बसवलं आणि तो तिच्याबरोबर गेला. जाताना तिची क्रोशाची पिशवी सीटवर राहिली. मी तिथेच, रस्त्यावर ऑइल सांडत उभा. ती परत आली नाही. तिच्या फुप्फुसांत पाणी भरलं होतं आणि पोन्सेला पोहोचायला उशीर झाला होता, हे मला ओढून आणणाऱ्या माणसांच्या बोलण्यातून कळलं.

ओब्दुलिओने मला उतरवलं, खालचा बूच काढला. ऑइल येतच राहिलं. भांडं भरलं, दुसरं लावलं, तेही भरत आलं. तो उकिडवा बसून त्या गुलाबी फेसाकडे बघत राहिला. त्याला सगळं समजलं. त्याने ते सेफेरिनोला सांगायचं ठरवलं असावं, कारण भांडी त्याने फेकली नाहीत, बाजूला ठेवली.

काल सेफेरिनो आला. मिशी वाढलेली, शर्टाची बटणं चुकलेली. ओब्दुलिओने त्याला कॉफी दिली आणि बोलायला तोंड उघडलं. पण आधी सेफेरिनोच बोलला.

"ती घोटभर शहाळ्याचं पाणी मागत होती, उस्ताद. मी नाही म्हटलं. देऊन टाकलं असतं तर निदान तहानलेली गेली नसती. मी गाडीला पाजत राहिलो आणि तिला तोंड ओलं करू दिलं नाही."

ओब्दुलिओ उठला. त्याने ती दोन भांडी फडक्याने झाकली. मी बघितलं.

"तुम्ही नाही म्हटलं ते बरोबरच होतं," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलेलं केलंत."

"आणि हा? हा का गेला? मी रोज ऑइल बघायचो. एक सकाळ चुकवली नाही."

"चकत्या झिजल्या होत्या. वय झालं होतं त्याचं."

सेफेरिनोने मान हलवली. मग सांगितलं की नवा गिअरबॉक्स बसवा, गावात आणखी माणसं डायलिसिसला जातात, त्यांना नेईन म्हणतो. ओब्दुलिओ जरा अडखळला आणि म्हणाला, बसवतो, पण नव्याचं ऑइल घरी बघायचं नाही. इथे या, मी बघेन, त्या निमित्ताने कॉफी होईल. घरी का नाही, असं सेफेरिनोने विचारलं. ओब्दुलिओ म्हणाला, नव्यांची तऱ्हा वेगळी असते. आणि कप विसळायला आत निघून गेला.

सेफेरिनो उभा राहिला. गॅरेजच्या गुळगुळीत, सपाट फरशीकडे त्याने बघितलं. बाहेर रस्त्याकडे बघितलं, जो डोंगरावर त्याच्या घराकडे चढत जातो. मग त्याने झाकलेल्या भांड्यांवरचं फडकं उचललं.

एक भांडं काठोकाठ भरलेलं, दुसरं भरत आलेलं, हे त्याने बघितलं. मग तो माझ्याजवळ आला, गुडघ्यावर बसला. माझ्या गार अंगावर त्याने हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"जास्त झालं होतं का रे?" त्याने हळूच विचारलं.

तुमच्याशी एवढं बोलतोय, पण त्याच्यापुढे मला वाचा नव्हती. असती तर मीही ओब्दुलिओसारखं खोटंच बोललो असतो. वय झालं होतं माझं, असं म्हणालो असतो. शपथेवर म्हणालो असतो.

आतून ओब्दुलिओच्या पावलांचा आवाज आला तसं त्याने फडकं होतं तसं नीट घातलं, कडासुद्धा सारख्या केल्या. ओब्दुलिओ बाहेर आल्यावर तो म्हणाला, "येत जाईन मी इथे. कॉफीला." आणि पायीच निघाला.

भंगारवाला येईल तेव्हा मी मुकाट्याने जाईन. तुम्ही मात्र कधी त्या घाटात गेलात आणि तो म्हातारा कुणाला तरी पोन्सेला नेताना दिसला, तर त्याला माझ्याबद्दल काही विचारू नका. सोबत बसा, आणि तो बोलेल ते ऐकत राहा. त्याच्या शेजारची सीट रिकामी असेल.