जड गोळी, हलका बार

बुटीबोरीला कारखाने नव्हते तेव्हाची गोष्ट. रानडुकरं तुरीची नासाडी करत, म्हणून विधवा जयवंताबाई नवऱ्याची ठासणीची बंदूक स्वतःच चालवत. एका संध्याकाळी डुक्कर जागीच पडावं म्हणून त्यांनी जड गोळी निवडली.

"काकू, मंग बंदुकीत दारूही थोडी जास्त टाका," शेजारचा केशव म्हणाला.

"नको गा. खांद्याले झटका सोसत नाही मले."

दारू कमी पडली. गोळी खाली गेली आणि एका डुकरिणीचा पाय मोडला. ती किंचाळत झुडपात शिरली. पिल्लंही मागोमाग गेली. दोघांनी खूप शोधलं, पण ती सापडली नाही.

"तूर तर वाचली ना, काकू," केशव म्हणाला.

"वाचली. पण खांदा माहा चार दिवसांत बरा झाला असता गा," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.