बिनखवल्याच्या माशाचं पान

मी एक बायबल बोलतोय. माझा कोणावर राग नाही, पण डोकं मात्र पार गोंधळून गेलंय. माझ्यात काय लिहिलंय ते इतकी वर्षं लोकच मला सांगत आलेत. मला स्वतःला ते नीट सांगता येत नाही.

बापूरावांनी बल्लारपूरच्या एका प्रार्थनासभेत मला विकत घेतलं, तेव्हा आधी एक शब्दही वाचला नाही. एक पान उजेडासमोर धरलं, बोटांनी चोळलं आणि म्हणाले, "कागद बारीक हाये, पन दमाचा हाये." त्यांची सारी नोकरी पेपर मिलमध्ये गेलेली. मला ते बोलणं फार आवडलं होतं.

निवृत्त होऊन ते सिंदेवाहीकडच्या आपल्या गावी परतले. त्यांच्या ओसरीत दर रविवारी सात-आठ घरची माणसं प्रार्थनेला जमू लागली. हातात लाल पेन्सिल आणि फूटपट्टी घेऊन ते मला वाचायचे. गोष्ट आली की भराभर पुढे सरकायचे. नियम आला की थांबून, पट्टी लावून रेघ मारायचे. मिलमध्ये यंत्राशेजारी सूचनांची पाटी असते, तसा मी त्यांना वाटत असे. पाटीकडे दुर्लक्ष केलं की माणसाचा हात जातो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. ते वाईट नव्हते, भित्रे होते.

अशात त्यांना ते पान सापडलं. ज्या माशाला पर आणि खवले नाहीत तो खाऊ नये, असं माझ्यात लिहिलंय. लिहिलंय खरं, मी कशाला नाकारू?

गोकुळा त्याच प्रार्थनेला यायची. नवरा वारलेला, घरात म्हातारी सासू. उन्हाळ्यात तलाव आटला की रोहू-कतला मासेमारी सोसायटीचे आणि चिखलात दडलेले मांगूर ज्याच्या हाती लागतील त्याचे, अशी गावाची रीत. गोकुळा चिखलात हात घालून मांगूर धरायची आणि बाजारात विकायची. दोन महिने दोघींचं पोट त्यावरच. आणि मांगुराला खवले नसतात.

"बाई, हा मासा धरनं सोड. नाईतर प्रार्थनेले येऊ नोको," बापूराव म्हणाले.

"मंग खाऊ काय, भाऊ?"

"ते मले काऊन इचारतं? लिवलं हाये तसं हाये."

गोकुळाने मासे सोडले नाहीत आणि प्रार्थनाही सोडली नाही. ती ओसरीबाहेर, अंगणात बसू लागली. आत यायची नाही, गाणी मात्र सगळ्यांबरोबर म्हणायची. मला फार लाज वाटायची. पण बापूरावांना दोष तरी कोणत्या तोंडाने देऊ? तिला बाहेर बसवणारी ओळ माझीच होती.

मग बापूरावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाचणं बंद, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांची सून पायल मला वाचू लागली. पायलला लाल रेघांचं काही सोयरसुतक नव्हतं. तिने उघडली ती गोष्ट तळ्याकाठची होती. प्रभूचा अगदी जवळचा मित्र. प्रभूवर संकट आलं तेव्हा भीतीने तीनदा म्हणाला, मी याला ओळखत नाही. पुढे खजील होऊन तो पुन्हा मासे धरायला गेला. सकाळी पाहतो तर काठावर प्रभूनेच विस्तव पेटवलेला, त्यावर मासे भाजत ठेवलेले. या, न्याहारी करा, म्हणतो.

अंगणातून गोकुळाने विचारलं, "पायल, त्यानं पहिले जाब नाई इचारला?"

पायलने पुन्हा पाहिलं. "नाई वो आत्याबाई. पहिले खाऊ घातलं. मंग इचारलं, माह्यावर माया करतं का म्हनून."

"मासा कोनता होता?"

"ते नाई लिवलं."

बापूराव म्हणाले, "पुन्हा वाच." तिने वाचलं. "अजून एकदा." वाचून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "हे मी काऊन नाई वाचलो?" त्यांनी ते वाचलेलं होतं. तिथे रेघ मारण्याजोगं काही सापडलं नव्हतं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी मला काखेत धरून ते गोकुळाच्या दारी गेले. चुलीवर मांगुराचा रस्सा होता. "गोकुळा, मी तुले..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. तिने पाट मांडला, ताट वाढलं. "बसा भाऊ. भात थंडा होऊन राह्यला." काळ्या चष्म्यातून त्यांना धड दिसेना, ते ताटात चाचपडत राहिले. "थांबा, काटा काढू द्या," म्हणत ती शेजारी बसली आणि मासा बोटांनी निवडून त्यांच्या भातावर ठेवू लागली. बापूराव खात राहिले. डोळ्यांना पाण्याचा थेंबही लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेवढा नियम काही त्यांना पाळता आला नाही.

आता गोकुळा ओसरीत, पायलशेजारी बसते. बापूराव अजूनही ते माशाचं पान उघडून माझ्याकडे टक लावून बघतात. मी काय उत्तर देऊ? तो नियमही माझा आणि तळ्याकाठची न्याहारीही माझीच. दोन्ही माझ्यात कसे नांदतात ते मला उमगत नाही. म्हणून एकच विनंती आहे. मला अर्ध्यावर मिटू नका. एकदा शेवटपर्यंत वाचा, आणि मोठ्याने वाचा. मी कोण आहे, हे मलाही ऐकायचंय.