दोन 'घरं'

मी संगणकातला एक ड्राइव्ह बोलतोय. कपाटात जसा कप्पा, तसा डिस्कवरचा एक भाग. माझं नाव 'घर'. शेजारच्या ड्राइव्हचं नावही 'घर'च. त्याच्यापुढे डी हे अक्षर, माझ्यापुढे ई, एवढाच काय तो फरक.

माझा जन्म दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर झाला. संगणक बिघडला होता. काही हरवू नये म्हणून त्याने डीमधलं सगळं रिकाम्या जागेत जसंच्या तसं उतरवलं आणि नंतर ते काढायला विसरला. मी जागा झालो तो आठवणींसकटच. मुलीची पहिली पावलं, आजोबांचा शेवटचा फोटो, सगळं मला ठाऊक होतं. त्यातलं काहीच माझ्यासमोर घडलं नव्हतं.

घरी आल्यावर डीमध्ये नवे फोटो येत राहिले. माझ्यात मात्र तो एकच दिवस थांबून होता.

मध्यंतरी मला एकदाच उघडलं, ते बाबांनी. त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दार लोटून ते माइकपुढे बसले, बोलले आणि समोर दिसलेल्या 'घर'मध्ये आपला आवाज ठेवून गेले. ते 'घर' म्हणजे मी.

ऑपरेशननंतर मुलीने डी पालथा घातला. आवाज सापडला नाही. बाबांकडून ठेवायचा राहून गेला असेल, असं सगळ्यांनी धरलं. बाबा खुणा करून 'ठेवलाय, ठेवलाय' सांगत राहिले. मी शेजारीच होतो. मला हाक मारता येत नव्हती आणि आता त्यांनाही.

परवा डिस्कवरची जागा संपली.

"आई, इथे दोन 'घरं' कशी गं?"

"एका घराचा केर काढताना जीव जातो," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "दुसरं टाक पुसून."

मुलीने तरी दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मीच काढायचं विसरलो असेन, ताई. पण आधी उघडून बघा. नाव सारखं म्हणून आतलं सारखंच असेल असं नाही."

तिने मला उघडलं. सगळ्यात वर एक अनोळखी रेकॉर्डिंग होतं. ते तिने लावलं.

"अगं ए, ऐकतेस का? माझा चष्मा कुठे ठेवलास?"

"डोक्यावर बघा आधी," आई कढईवरची नजर न काढता म्हणाली. मग तिच्या हातातला झारा तसाच राहिला.

बाबा खुर्चीत बसले होते. ओठ मिटलेले. हात मात्र डोक्याकडे गेला होता.

मुलीने तो आवाज लगेच डीमध्ये उतरवला. आता त्याच्याकडे नाही असं माझ्याकडे काही उरलं नाही. जागा तर हवीच आहे, उद्या मला पुसतील. माझी तक्रार नाही. तुमच्याकडे असा कोणी अनोळखी निघाला, तर पुसण्याआधी एकदा आत डोकावा, एवढंच मागतो.

मघाशी बाबा एकटेच येऊन बसले. त्यांनी डीमधला आवाज लावला, मग माझ्यातला, पुन्हा डीमधला. खरा कोणता, ते त्यांना ठरवता येईना. मग पडताळून पाहायला त्यांनी स्वतःचं तोंड उघडलं, आणि खोली तशीच गप्प राहिली.