हत्तीचा आधार

नाझनीनच्या पीएचडी प्रबंधातलं बारवांवरचं प्रकरण तिचे मार्गदर्शक भागवत सरांनी परत केलं, तेव्हा त्यातला हत्तीचा परिच्छेद उचलेगिरी पकडणाऱ्या कॉम्प्युटरने लालभडक रंगवला होता. नेवाशाजवळच्या एका गावी निजामशाहीतला हत्ती पायऱ्या उतरून बारवेचं पाणी प्यायचा, ही माहिती तिने गावच्या स्मरणिकेतून उचलली होती. फक्त 'हत्ती'चा 'गजराज' केला होता.

"गजराज लिहिलं म्हणजे चोरी लपते होय?" सर म्हणाले. "मूळ आधार काढ, नाहीतर हत्ती काढ."

नाझनीनने गाव गाठलं. स्मरणिकेच्या संपादकांनी वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलं. त्यात होतं, 'जाणकार ग्रामस्थ गहिनीनाथ यांच्या सांगण्यानुसार'. सापडलं मूळ, म्हणत ती उन्हातान्हात त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली.

"व्हय, मीच सांगितलं," गहिनीनाथतात्या ऐटीत म्हणाले.

"पण तात्या, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी म्हंजी? बारवंवर पाटी हाय की!"

तात्यांबरोबर बारवेवर जाऊन पाहिलं, तर पाटी होती खरी. हत्तीही होता. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'संदर्भ : गावची स्मरणिका'.

नाझनीन तिथेच मटकन बसली. एवढे दिवस ती हत्तीचं शेपूट धरून त्याच्याचभोवती फिरत होती.

मग ती उठली आणि बारवेत उतरली. जिना इतका चिंचोळा, की दप्तर डोक्यावर घेऊन तिला आडवं सरकावं लागलं. कोपर भिंतीला घासून सोललं. शेळीसुद्धा इथे विचार करून पाय टाकेल.

वर येऊन ती म्हणाली, "तात्या, हत्ती मावतच नाही इथे."

"आसं नको म्हनू बाई," तात्यांच्या मागोमाग आलेल्या शेजारच्या रंगुबाई कळवळल्या. "गावानं हत्तीचा पुतळा करायला सांगून ठिवलाय."

तात्यांनी तोडगा काढला. "मंग हत्ती ल्हान आसंल."

"लहान हत्तीलाही आधार लागतो, तात्या."

"तू लिव्ह की! तू पीएचडीवाली. छापलं की झाला आधार."

क्षणभर नाझनीनला मोह झाला. रंगुबाईंचं तोंड बघवत नव्हतं. तरी तिने घरी येऊन लिहिलं, 'जिना अरुंद असून मी स्वतः आडवी सरकत उतरले. हत्ती आल्याचा विश्वसनीय पुरावा मिळाला नाही.'

या वेळी कॉम्प्युटरने एक शब्दही रंगवला नाही. सरांना मात्र शंका आली.

"हे कुठेच छापलेलं नाही. याला आधार काय?"

नाझनीनने बाही वर करून खपली धरलेलं कोपर पुढे केलं.

सरांनी चष्मा पुसून ते बराच वेळ न्याहाळलं.

"ठीक आहे," ते गंभीरपणे म्हणाले, "पण तळटीप कशी देणार याची?"