रंगाऱ्याने पातळ रक्ताचा धसका घेतला

मित्रांनो, मी एक जुनी पेशी आहे. एका रंगाऱ्याच्या डाव्या पोटरीतल्या शिरेला आतून जे अस्तर असतं ना, त्यातली. मी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण डूख धरायला अंग मोठं लागत नाही.

माझं काम गुळगुळीत राहण्याचं. रक्त कुठे अडू नये म्हणून आम्ही बहिणी एकमेकींना बिलगून बसायचो. कौतुक कुणी केलं नाही, आम्ही मागितलंही नाही.

एक दिवस हा गडी शिडीवरून पडला आणि त्याचा पाय दीड महिना प्लास्टरमध्ये राहिला. रक्त तुंबलं, त्याची गुठळी झाली आणि ती माझ्या शेजारणींच्या उरावर बसली. त्या माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. त्या गुठळीला मी जन्मात माफ करणार नाही.

डॉक्टरांनी गोळी दिली. "रक्त पातळ करायची आहे, एकही चुकवू नका," म्हणाले. मग काय! गुठळी वाढायची थांबली, हळूहळू विरायला लागली. मी मनात म्हटलं, आता कशी जिरली!

पण आमचे शहाणे बायकोला म्हणाले, "अगं, थिनर जास्त पडला की रंग ओघळतो, भिंतीला धरत नाही. पातळ रक्तात कसला आलाय जोर?" आणि रोजची गोळी गुपचूप ब्रशच्या डब्यात टाकू लागले.

अरे वेड्या, रक्तात कुणी पाणी घालत नाही! 'पातळ' हा नुसता बोलायचा शब्द. गोळी गुठळी होऊ देत नाही, एवढंच. पण माझं ऐकतो कोण?

मग मीही सूड घेतला. दुखावलेली पेशी चिकट होते, तशी मी झाले. जे येईल ते धरून ठेवलं. पोटरी सुजली, तापली, रंगारी कळवळला. भोग आता, म्हटलं! गुठळी परत आली, आणि बसली ती नेमकी माझ्यावर.

ब्रश धुवायला घेतलेल्या बायकोच्या हाती एकोणीस गोळ्या लागल्या.

"अहो, भिंतीचं तुम्हाला कळतं. रक्ताचं डॉक्टरांना कळू द्या की!" असं म्हणत तिने त्याला रिक्षात घातलं.

गोळी पुन्हा सुरू झाली आहे. गुठळी विरेल, पण तोवर तिच्याखाली मी टिकेन की नाही, ठाऊक नाही. मित्रांनो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. डूख धरू नका, असंही मी सांगायला हवं. पण ते माझ्या तोंडून येणार नाही. त्या गुठळीचा शेवटचा कण वाहून जाताना मला बघायचाय.