नावं न ठेवलेली वाइन

गोड बोलणं मला कधी जमलंच नाही. गुरुदत्त आणि मी पुण्यात एकाच कॉलेजात, त्यामुळे लग्नानंतर त्याला अहो-जाहो करणंही जमलं नाही. परदेशात येऊन सॉफ्टवेअरमध्ये जम बसवल्यावर जॉन्सनव्हिलचं चांगलं घर विकून त्याने डोंगरापलीकडे मार्टिनबरोला द्राक्षांचा एवढासा मळा घेतला, तेव्हा मी म्हटलं होतं, "कंप्युटरमधले किडे कमी पडले, म्हणून आता वेलींवरचे काढायचे का?"

पण छाटणीला, तोडणीला मीच सोबत. पिंपातली रेड वाइन पहिल्यांदा चाखायची तीही मीच. पहिल्या वर्षीची खोकल्याच्या औषधासारखी लागली, पुढची आंबलेल्या कोकम सरबतासारखी. मी तोंडावर सांगायचे. तो खो-खो हसायचा आणि पाहुण्यांना म्हणायचा, "हिने नावं ठेवली की मला हुरूप येतो. अजून सुधारता येईल असं वाटतं."

२०१७ची तोडणी झाली आणि त्याच्या घशात गाठ निघाली. रेडिएशनने वास गेला, चव गेली. चहा काय आणि गरम पाणी काय, त्याला सगळं सारखंच. पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी हात टेकले. पडल्या पडल्या त्याला एकच ध्यास, सतराची वाइन कशी झालीय? आधी सल्लागार असायचा, ही पहिलीच सगळी त्याने स्वतःच्या मनाने केलेली.

बॉटनी डाउन्सला राहणारी आमची लेक स्वरदा आली होती. स्वयंपाकघरात मला म्हणाली, "मम, जस्ट टेल हिम इट्स गुड. प्लीज."

"मी खोटं बोलणार नाही. जन्मभर त्याने माझ्या जिभेवर भरवसा ठेवलाय. आता जाताना त्याला फसवू?"

शेडमध्ये जाऊन पिंपातून अर्धा ग्लास काढला. एक घोट घेतला आणि तिथेच खाली बसले. पिकलेलं जांभूळ, त्यामागे हवा तेवढाच तुरटपणा, आणि घोट गेला तरी चव जिभेवरून हलेना. खोट काढायची म्हणून परत चाखली. काही सापडेना. करून दाखवलं होतं पठ्ठ्याने. मला रडू आवरेना.

तशीच त्याच्या उशाशी जाऊन बसले.

"कशी झालीय?" त्याने विचारलं.

"सुंदर. गुरू, इतकी सुंदर वाइन मी आजवर चाखली नाही."

त्याने माझा हात थोपटला.

"इतकी वाईट झालीय का गं?"

"अरे, खरं सांगतेय. देवाशपथ." तो नुसती मान हलवत राहिला. मग घाईघाईने मी नावं ठेवायला लागले. जरा तुरट आहे म्हटलं, शेवटी आंबट लागते म्हटलं.

"असू दे, आता सारवासारव नको," तो म्हणाला. "तुझ्या तोंडून कौतुक ऐकलं, पुष्कळ झालं."

स्वरदानेही चाखून सांगितलं, "इट्स अमेझिंग, बाबा." त्याने तिचाही हात तसाच थोपटला. त्याच आठवड्यात तो गेला.

आता लोक मळ्यावर येतात, ती वाइन पितात आणि मला सांगतात, काय हात होता हो तुमच्या मिस्टरांचा. मला गुरूचा संताप येतो. फसवायचंच असतं, तर मी नेहमीसारखी नावं ठेवली असती ना. इतकी वर्षं माझ्याबरोबर संसार केला, एवढं कळू नये त्याला?